समुद्र न पाहिलेली बाई आणि रेल्वे न पाहिलेली मुलं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी फोन करून सांगितलं, "तू अंदमानला होतीस ना, त्यावर बोल. वीस मिनिटं." तेव्हा आधी एक दुरुस्ती करते. मी अंदमानला नव्हते, निकोबारला होते. आपल्याकडे दोन्ही नावं एका दमात घेतात, त्यामुळे ते एकच गाव वाटतं. मी होते ते कॅम्पबेल बे, ग्रेट निकोबार बेटावर. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, तिथून ते दक्षिणेला पाचशेच्या वर किलोमीटर. भारताचं दक्षिण टोक कन्याकुमारी, असं आपण पाठ केलं होतं. ते मुख्य भूमीचं टोक. देशाचं खरं टोक या बेटावर आहे, इंदिरा पॉइंट. तिथून इंडोनेशियाची हद्द साधारण दीडशे किलोमीटर. केमहून पुणं जितकं लांब, जवळपास तितक्यावर परदेश.

मी १९८७ च्या दहावीच्या तुकडीची. वडील रेल्वेत की-मन होते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. आई घरी बसून कुंकवाच्या पुड्या भरायची. केममध्ये कुणाच्या ना कुणाच्या घरात कुंकू असतंच. आमच्या वह्यांची पानंसुद्धा कडेला लाल असायची. १९९४ साली बी.एस्सी., बी.एड. होऊन मी घरी बसले होते. नोकरीला गेले तिथं आधी 'किती देणार' हा प्रश्न यायचा. द्यायला काही नव्हतं. अशात पेपरात एक छोटी जाहिरात दिसली. एका सेवाभावी संस्थेला निकोबारच्या शाळेसाठी शिक्षक हवे होते. मुदत दोन वर्षं, राहण्याची सोय, जेवणापुरतं मानधन. त्या काळात विवेकानंद केंद्राच्या शाळांमध्ये शिकवायला महाराष्ट्रातली मुलंमुली अरुणाचलला जायची, हे ऐकून होते. पण निकोबारला गेलेलं कुणी माहीत नव्हतं.

गावात बातमी पसरली ती "काळ्या पाण्यावर निघालीय" अशी. अंदमान म्हटलं की आपल्याला सेल्युलर जेल आणि १९११ ते १९२१ तिथं कोंडलेले सावरकर, एवढंच माहीत. आजीनं तर जेवण सोडलं. "तिथनं माणूस माघारी येत न्हाई," हे तिचं म्हणणं. आईनं विचारलं, "खाणार काय?" वडिलांनी एकच विचारलं, "किती दिसांसाठी?" मी म्हणाले, दोन वर्षं. ते म्हणाले, "मग दोन पुरी करूनच ये."

आपल्या दारातून जाणारे रूळ थेट मद्रासला जातात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या दिवशी ते खरं झालं. कुर्डुवाडीला मद्रासची गाडी धरली. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि आईनं दिलेल्या कुंकवाच्या पुड्या. मद्रासच्या बंदरात मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, आणि तासाभरात त्याच्यावर होते. तीन दिवस जहाज. पहिले दोन दिवस मी डोकं वर केलं नाही. पोर्ट ब्लेअरला उतरून निकोबारचा पास काढावा लागला, कारण आदिवासींच्या संरक्षणासाठी १९५६ पासून तिथं वाटेल त्याला जाता येत नाही. मग दुसरं, लहान जहाज. वाटेत दहा अंशाची खाडी लागते, टेन डिग्री चॅनल. दहा अक्षांश म्हणजे नकाशावरची एक रेघ, असं मला वाटायचं. ती रेघ किती हलते ते तिथं कळलं.

कॅम्पबेल बेला जहाज लागलं तेव्हा धक्क्यावर अख्खं गाव उभं होतं. मला वाटलं, नव्या बाईंना घ्यायला आलेत. ते बटाटे-कांदे, टपाल आणि औषधं घ्यायला आले होते. जहाज आलं की त्या बेटावर सण असतो. पाऊस पडत होता. आपल्या करमाळा तालुक्यात पावसाचे दिवस बोटांवर मोजतात. तिथं पाऊस नसलेला महिना शोधावा लागतो. दोन्ही मोसमी वारे बरसतात. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी धरते, खडू ओला होऊन फळ्यावर उमटत नाही. आईनं कुंकवाच्या पुड्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून का दिल्या होत्या, कुणास ठाऊक. पण तेवढ्याच कोरड्या राहिल्या.

पहिल्या दिवशी नववीच्या वर्गात गेले. नाव सांगितलं, गाव सांगितलं. कुणी काही बोलेना. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि अगदी अदबीनं म्हणाली, "मैडम, आप कब जाएँगी?"

तिचा उद्धटपणा नव्हता. त्या वर्गानं एका वर्षात तीन शिक्षक पाहिले होते. एक मलेरियानं परतले, एकांना मुख्य भूमीवर पक्की नोकरी लागली, एक सुट्टीला गेले ते गेलेच. प्रत्येक जण आला की गाणी म्हणायला लावायचा, फोटो काढायचा आणि पुस्तक पहिल्या धड्यापासून सुरू करायचा. त्या मुलांचे पहिले तीन धडे तोंडपाठ होते. चौथा कुणी शिकवलाच नव्हता.

मी फळ्यावर तारीख लिहिली. दोन शैक्षणिक वर्षं, शेवटचा महिना मार्च १९९६. म्हणाले, त्याआधी जाणार नाही. आणि चौथा धडा उघडला.

आता तिथं राहतं कोण, ते सांगते. बेटाचे मूळ रहिवासी दोन. किनाऱ्यावरचे निकोबारी, आणि आतल्या जंगलातले शोंपेन. त्याशिवाय १९६९ पासून सरकारनं सैन्यातून निवृत्त झालेल्या जवानांची तीनशेच्या वर कुटुंबं तिथं नेऊन वसवली. पंजाब, केरळ, तमिळनाडू, आंध्र, आणि आपला महाराष्ट्रसुद्धा. सरहद्दीवरचं बेट रिकामं राहू नये, हा हेतू. त्यांना जमिनी दिल्या, त्यांनी जंगल तोडून नारळ-सुपारी लावली. गावांची नावं गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर. माझ्या वर्गात सात-आठ मातृभाषा होत्या. सगळ्यांची मिळून एक हिंदी, तीसुद्धा तिथलीच, जिच्यात लिंगवचनाचा फार बाऊ करत नाहीत.

पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी मला शोधत आली. नवरा सैन्यात होता, मूळ सातारा जिल्ह्यातली. दारातूनच म्हणाली, "मराठी बाई आल्यात म्हनं." मी एक पुडी तिच्या हातात ठेवली. तिनं पुडीवरचं 'केम' वाचलं, वास घेतला आणि बराच वेळ बोललीच नाही. लग्नानंतर पंढरपूरच्या वारीत आणलेलं कुंकू तिनं किती तरी वर्षं पुरवून पुरवून वापरलं होतं. पुढं दोन वर्षं तिच्या घरची भाकरी मला दर रविवारी होती. ज्वारी नव्हती, तांदळाची असायची. पण थापलेली.

शिकवण्याचं सांगते. गणिताच्या पुस्तकात उदाहरण होतं: दोन आगगाड्या समोरासमोरून येतात, किती वेळात ओलांडतील? वर्ग गप्प. बहुतेकांनी आगगाडी पाहिलीच नव्हती. आणि शिकवायला उभी कोण, तर केमच्या की-मनची पोरगी! मी पुस्तक मिटलं. फलाट काढला, सिग्नल काढला, रूळ, स्लीपर. एका मुलानं विचारलं, "मैडम, इसका स्टीयरिंग कहाँ है?" मी म्हणाले, नसतं. तो निकोबारी मुलगा होडीवर वाढलेला. त्याला हे पटेचना. मग वळते कशी? मी सांगितलं की रूळ नेतील तिकडं जाते. आणि रूळ जागेवर आहेत की नाहीत, हे पाहायला एक माणूस रोज सकाळी खांद्यावर हातोडा घेऊन सहा-सात किलोमीटर चालतो, सैल झालेली एकेक चावी ठोकत जातो. तो माझा बाप. वर्गात इतकी शांतता मी पुन्हा कधी अनुभवली नाही.

त्या बदल्यात त्यांनी मला समुद्र शिकवला. लाट कुठं फुटते त्यावरून खडक कुठं आहे ते ओळखायचं. मगर असलेली खाडी कशी ओळखायची. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीला पाणी कमी. हे मला शब्दांनी माहीत होतं, डोळ्यांनी त्यांनी दाखवलं.

घड्याळाचा धडा तर आपोआप झाला. देशभर घड्याळ एक, पण तिथला सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचला अंधार. मी घरी पत्र लिहिलं की आईला विचारा, केममध्ये सूर्य किती वाजता मावळला. उत्तर जहाजानं यायला महिना लागला. मुलांनी दोन्ही वेळा वजा केल्या, चाराने भागलं आणि रेखांशातलं अंतर काढलं. माझी आई एका बेटाच्या भूगोलाच्या तासाला उपयोगी पडली, हे तिला कधी खरं वाटलं नाही.

लोक मला अजून विचारतात, "मिशनरी काम होतं का ते?" या शब्दाविषयी थोडं बोलते. कार निकोबार बेटावर मूस नावाचं गाव आहे. तिथं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेदप्पन सॉलोमन नावाचे तमिळ धर्मशिक्षक गेले आणि त्यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या शाळेतला एक निकोबारी मुलगा ब्रह्मदेशात शिकून आला आणि आपल्याच बेटावर शिक्षक झाला. ते जॉन रिचर्डसन. त्यांनी निकोबारी भाषेत बायबल आणलं, पुढं ते बिशप झाले, पहिल्या लोकसभेत ते अंदमान-निकोबारचे नियुक्त सदस्य होते. धर्म बाजूला ठेवून मी या गोष्टीकडं शिक्षिका म्हणून पाहते. बाहेरून आलेल्या गुरुजींचं काम तेव्हा पुरं झालं, जेव्हा तिथलाच मुलगा फळ्यासमोर उभा राहिला.

आणि दुसरी बाजूही आहे. शोंपेन लोकांकडं आम्ही शिक्षकांनी जायचं नाही, असा नियम होता. तरुणपणी वाटायचं, का नाही? त्यांनाही शिकवू या. पण बाहेरच्या माणसाबरोबर नुसती अक्षरं जात नाहीत, सर्दी-खोकला-गोवरही जातो, आणि ज्यांच्या अंगात त्याची ताकद नाही ती वस्तीच उठते. अंदमानातल्या जमाती अशाच आटल्या. २०१८ साली जॉन अ‍ॅलन चाऊ नावाचा अमेरिकन तरुण धर्मप्रसारासाठी नॉर्थ सेंटिनेल बेटावर गेला, कायदा मोडून गेला, आणि तिथल्या लोकांनी त्याला मारलं. त्याची तळमळ खोटी नसेल. पण कुणी बोलावलेलं नाही तिथं जाणं ही सेवा नव्हे. आम्हाला बोलावलं होतं, आणि कशाला बोलावलं होतं तेही स्पष्ट होतं: आठवी ते दहावी, गणित आणि विज्ञान.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत घरून पत्र आलं. चांगलं स्थळ आलं होतं, मुलाकडच्यांना फेब्रुवारीत लग्न हवं होतं. आईनं लिहिलं होतं, ये. माझी दहावी मार्चमध्ये परीक्षेला बसणार होती. तीच मुलं, ज्यांच्यासमोर मी तारीख लिहिली होती. मी चार रात्री झोपले नाही. पत्राच्या शेवटी वडिलांनी आपल्या हातानं एक ओळ लिहिली होती. ते फार लिहीत नसत. "बीट अर्धी टाकून की-मन घरी येत नसतो." बस्स. मी 'मार्चनंतर' असं कळवलं. ते स्थळ गेलं. दुसरं आलं, तीस वर्षं झाली, ते समोर बसलेत आणि भाषण लांबतंय म्हणून घड्याळ दाखवतायत!

मार्च संपला, पेपर झाले, मी निघाले. धक्क्यावर ती मुलगी आली होती. या वेळी तिनं काही विचारलं नाही.

मग २६ डिसेंबर २००४. रविवार होता. मी बार्शीत होते, टीव्हीवर मद्रास दिसत होतं, नागपट्टणम दिसत होतं, पोर्ट ब्लेअर दिसत होतं. कॅम्पबेल बेचं नाव कुणी घेईना. भूकंपाचं केंद्र सुमात्राजवळ, म्हणजे त्यांच्या दारातच. फोन लागायचा प्रश्नच नव्हता. किल्लारीचा भूकंप आपण सगळ्यांनी अनुभवलाय. पण तेव्हा निदान बातमी तरी कळत होती. इथं किती तरी आठवडे काहीच कळलं नाही. अखेर त्याच मुलीचं पत्र आलं. ती तोपर्यंत तिथल्याच एका शाळेत शिकवायला लागली होती. दक्षिणेकडची गावं गेली होती, माणसं पत्र्याच्या निवाऱ्यात होती. इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरच्या वर खाली खचली. तिनं लिहिलं होतं, "मैडम, लाइट हाउस अब पानी में खड़ा है।" खाली माझ्या वर्गातली दोन नावं होती, नसलेल्यांची. ती नावं मी इथं घेत नाही.

त्या मुलांना मी आगगाडी शिकवली, कर्जाचं व्याज शिकवलं, ध्रुवप्रदेशातलं हवामान शिकवलं. पण 'समुद्र अचानक मागं हटला तर मागं न बघता टेकडीवर पळा' हे वाक्य त्या वेळच्या आमच्या कोणत्याच पुस्तकात नव्हतं. सुमात्राजवळच सिमेलुए नावाचं बेट आहे. तिथं १९०७ साली अशीच लाट आली होती. तेव्हापासून तिथल्या आज्या नातवंडांना गाण्यांतून, गोष्टींतून 'स्मोंग' सांगत आल्या: जमीन हलली, पाणी हटलं, की डोंगर गाठा. २००४ साली त्या बेटावरच्या पाऊण लाखाच्या वस्तीतली अगदी मोजकी माणसं दगावली. आणि थायलंडच्या फुकेत बेटावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आईवडिलांबरोबर सुट्टीला आली होती. किनाऱ्यावर पाणी फेसाळताना पाहून तिनं आरडाओरडा केला आणि अख्खा किनारा रिकामा करायला लावला. दोनच आठवड्यांपूर्वी तिच्या शाळेत भूगोलाच्या तासाला त्सुनामी शिकवली होती. पुढं आपल्याकडंही एनसीईआरटीच्या आठवीच्या इंग्रजी पुस्तकात त्सुनामीवर धडा आला, त्यात निकोबारच्या कच्छल बेटावरचं कुटुंब आहे. मी तो धडा वर्गात शिकवला तेव्हा आवाज नीट राहिला नाही.

म्हणून भूगोलाच्या तासाला कुणी हलकं समजू नका. आपल्या भूगोलाच्या सरांविषयी बोलल्याशिवाय मी बसणार नाही. सर मूळचे कोकणातले. समुद्रकाठी वाढलेला माणूस पॅसेंजर गाडीतून केमच्या फलाटावर उतरला, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? समोर माळ, विहिरींना पाणी नाही, मासे नाहीत, बोलणं वेगळं. सर, तुम्हाला आमचं गावच बेट वाटलं असेल! उत्तरेश्वराच्या देवळामागं भाड्याच्या खोलीत राहून तुम्ही आम्हाला फळ्यावर समुद्र काढून दाखवलात. 'उधाण' आणि 'भांग' हे शब्द मी तुमच्याकडून शिकले, आणि ते निकोबारच्या किनाऱ्यावर जाऊन वापरले. तुमची बदली करून घेणं सोपं होतं. तुम्ही निवृत्तीपर्यंत राहिलात. 'सर, तुम्ही कधी जाणार' हे विचारायची वेळ आमच्यावर कधी आली नाही, म्हणून त्या मुलीच्या प्रश्नातलं दुःख मला इतकं लागलं.

तुमच्या घरातलं एखादं पोर म्हणालं, मला लांब कुठं शिकवायला जायचंय, तर त्याला अडवू नका. फक्त तीन गोष्टी विचारा. तुला कुणी बोलावलंय का? किती दिवस राहणार? आणि तू गेल्यावर तिथं कोण शिकवणार? तिन्हींची उत्तरं असतील तर पिशवीत शेंगाचटणी भरा आणि कुर्डुवाडीला सोडून या. आणि लांब जायलाच हवं असंही नाही. आपल्याच तालुक्यात अशा वस्तीशाळा आहेत जिथं पहिले तीन धडे मुलांना पाठ आहेत आणि चौथा कुणी उघडलेला नाही. आपल्यातले बरेच जण आता निवृत्त होतायत. आठवड्याचा एक दिवस ठरवा, फळ्यावर तारीख लिहा, आणि ती पाळा.

परवा त्या मुलीचा फोन आला होता. मुलगी कसली, आता शाळेतली सगळ्यांत जुनी शिक्षिका आहे. गॅलेथिया उपसागरात मोठं बंदर व्हायचंय, त्यावरून बेटावर उलटसुलट चर्चा आहे, उद्या काय होईल सांगता येत नाही म्हणाली. मी विचारलं, "मग तू?" ती हसली. म्हणाली, आठवीचा नवा वर्ग आलाय, वर्ष पुरं होईपर्यंत तरी इथंच.